स्प्रिंगला हात लावण्याआधी खडू घ्या

वळणावर गाडीचं नाक बाहेर पळतंय म्हटलं की लोक आधी स्प्रिंग आणि शॉक बदलायला धावतात. थांबा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेड (रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग) संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूने आडवी रेघ ओढा आणि ट्रॅकवर (रस्त्यावर नव्हे!) दोन-तीन फेऱ्या मारा. रेघ भिंतीवरही बरीच खाली पुसली गेली, तर हवा कमी. ट्रेडच्या कडेलाच शाबूत राहिली, तर जास्त. एका वेळी 2 पीएसआयच बदला, तेही फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या जोडीत. नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचं नाही.

टायर काय करू शकतो ते 2012 च्या टोयोटा जीटी86 मध्ये दिसलं. तिला मुद्दाम साधे, 215 मिमी रुंदीचे टायर होते, म्हणून शेपूट कमी वेगातही हसतखेळत सरकायची. चिकट टायर घातले की पकड वाढते, पण ती गंमत जाते.

गाडीची उंची कमी करून ती खाली बसवलीत तर कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून पाहिल्यावर चाकाची पुढची कड आत वा बाहेर वळलेली असणं) दोन्ही हलतात. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवणं, लगेच करून घ्या. टो चुकला तर नवे टायर आतल्या कडेने बघता बघता झिजतात.