साठीच्या आसपास ॲडव्हेंचर बाइक घेताना

ॲडव्हेंचर बाइक, म्हणजे कच्च्या वाटेवरही चालणारी लांब प्रवासाची उंच मोटरसायकल, घ्यायची म्हटलं की बोलणं सीसी आणि हॉर्सपॉवरपासून सुरू होतं. पंचावन्न-साठीच्या स्वाराने दुसराच प्रश्न आधी विचारावा: इंजिन बंद असताना, उतारावर, सामानासकट ही गाडी मला एकट्याला आवरते का? धावत्या गाडीचा तोल गाडी स्वतःच राखते. वय जाणवतं ते थांबताना, वळवताना, मागे ढकलताना. गोव्यात असे प्रसंग रोजचेच आहेत. वाड्यावरची अरुंद चढाची वाट, जांभ्याची बारीक खडी पसरलेलं अंगण, फेरीबोटीचा ओला लोखंडी उतार, आणि जून ते सप्टेंबर या सगळ्यावर चिखल नाहीतर शेवाळ.

आधी स्वतःचं माप

शोरूमला जाण्याआधी घरीच पायाची आतली लांबी मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. पायांत साधारण सहा इंच अंतर ठेवा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये धरून घट्ट वर ओढा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायला घरच्या कुणाला तरी सांगा. समजा ७६ सेंटिमीटर भरले आणि पत्रकात सीटची उंची ८२५ मिमी आहे, तरी गाडी लगेच बाद होत नाही. बुटाचा तळ अडीच-तीन सेंटिमीटर देतो आणि लांब ट्रॅव्हलचं, म्हणजे जास्त खाली-वर होणारं, सस्पेन्शन स्वार बसल्यावर बऱ्यापैकी दबतं. उलट सीट रुंद असेल तर पाय फाकतात आणि मिळालेली उंची परत जाते. म्हणून सारख्याच उंचीच्या दोन गाड्यांत एकीवर पाय टेकतात, दुसरीवर लोंबकळतात.

जे बूट घालून गाडी चालवणार तेच घालून शोरूमला जा. सरळ बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. थोडं डावीकडे सरकल्यावर डावी टाच पूर्ण टेकली पाहिजे आणि त्याच वेळी उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहिला पाहिजे. चढावर गाडी धरून ठेवायची ती याच बैठकीत, त्यामुळे इथे तडजोड करू नका.

दुसरी गोष्ट खुब्याची. सीटवरून पाय टाकणं पन्नाशीपर्यंत लक्षातही येत नाही, नंतर येतं. मागे टॉप बॉक्स (सीटमागची सामानाची पेटी) लावणार असाल तर तो लावलेल्या गाडीवरच चढून-उतरून पाहा, दोनदा नाही, दहा वेळा. बॉक्सला बूट अडकून स्वार आणि गाडी दोन्ही आडवी होणं हा नेहमीचा अपघात आहे. गुडघा छातीकडे दुमडून सीटच्या पुढच्या, सखल भागावरून पाय नेता आला तर उत्तम. डाव्या फूटपेगवर उभं राहून घोड्यासारखं चढायची सवय असेल, तर सगळं वजन साइड स्टँडवर येतं हे ध्यानात ठेवा. मऊ मातीत स्टँड रुततो आणि गाडी अंगावर येते. स्टँडचा तळ रुंद करणारी पट्टी मिळते, ती पहिल्याच दिवशी बसवून घ्या.

वजन: कागदावरचं आणि हातातलं

पत्रकात ‘कर्ब वेट’ बघा, म्हणजे तेल आणि पेट्रोल धरून. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलो, हिरो एक्सपल्स २१० जवळपास तेवढीच, केटीएम ३९० ॲडव्हेंचर १८३, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० आणि होंडा एनएक्स५०० प्रत्येकी १९६. यावर क्रॅश गार्ड, बॉक्सचे रॅक, बॉक्स आणि सामान धरलं तर पंचवीस-तीस किलो सहज चढतात. हिमालयनची १७ लिटरची टाकी भरली की नुसतं पेट्रोलच साडेबारा किलोच्या आसपास होतं, आणि ते वजन उंचावर असतं. शोरूमच्या डेमो गाडीत पेट्रोल तळाला असतं म्हणून ती हाताला हलकी लागते. हा फरक मनात धरूनच निर्णय घ्या.

मग पुढच्या दोन परीक्षा, दोन्ही इंजिन बंद ठेवून. पहिली: गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून डाव्या बाजूला उभे राहा, सीट कमरेला टेकवा आणि गाडी दहा फूट मागे ढकला, तीही किंचित चढावर. दम लागला किंवा पाठीत कळ आली तर घरच्या अंगणात रोज तेच होणार. दुसरी: शोरूमच्या माणसाला उजव्या बाजूला उभं करा, गाडी सरळ धरा, मग हळूहळू त्याच्याकडे झुकू द्या आणि परत ओढून घ्या. कुठल्या कोनानंतर हात थरथरू लागतात ते समजेल. १६७ आणि १९६ किलो यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो. या परीक्षेत तो खांद्याला कळतो.

पडलेली गाडी उचलण्याची पद्धतही घेण्याआधीच शिकून घ्या. आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि चावी बंद. पेट्रोल गळतंय का पाहा. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा आणि शक्य असल्यास पहिला गियर टाका, म्हणजे ती घसरणार नाही आणि उभी झाल्यावर पलीकडे कोसळणार नाही. हँडल पडलेल्या बाजूकडे पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवा आणि उकिडवे बसा. गाडी डावीकडे पडली असेल तर उजव्या हातात हँडलची खालची मूठ आणि डाव्या हातात मागची ग्रॅब रेल. उजवीकडे पडली असेल तर उलट. पाठ ताठ, नजर समोर, आणि फक्त पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत गाडी वर रेटा. कमरेतून वाकून हँडल ओढायला गेलात तर मणका दुखावतो. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि पाच मिनिटं थांबूनही चटका देतो, म्हणून जाड पँट आणि हातमोजे हवेत. पाठीची शस्त्रक्रिया झालेली असेल, हर्निया किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र उचलूच नका, कुणाला तरी थांबवा. गोव्यात रस्त्यावर दहा मिनिटांत कुणीतरी येतंच.

उंची कमी करण्याच्या नादात

पाय नीट टेकत नाहीत म्हटलं की लगेच लोअरिंग लिंक, म्हणजे मागच्या सस्पेन्शनची बदली जोडपट्टी, सुचवली जाते. तिने गाडीची मागची बाजू खाली येते, पण त्यासोबत बरंच बिघडतं. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि जमीन यांतलं अंतर) कमी होतो आणि गावातले उंच गतिरोधक इंजिनच्या गार्डला घासू लागतात. साइड स्टँड आता तुलनेने लांब पडतो, त्यामुळे गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा धक्क्याने उजवीकडे पडते. हेडलाइट वर उचलला जातो. पुढचे फोर्क (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या नळ्या) तेवढेच खाली घेतले नाहीत तर हँडल जड आणि आळशी होतं. लिंक बसवायचीच असेल तर स्टँड कापून वेल्ड करणं आणि हेडलाइट पुन्हा लावून घेणं हे त्याच कामात धरा, आणि वॉरंटीवर काय परिणाम होतो ते लेखी घ्या.

त्याआधी हा क्रम पाळा. पहिलं, कंपनीची कमी उंचीची सीट. हिमालयन ४५० ला ८०५ मिमीची मिळते. दुसरं, सीटच्या पुढच्या कडा तासून अरुंद करून घेणं. फोंडा-मडगावात सीट शिवणारे कारागीर हे काम करतात. तिसरं, जाड तळाचे बूट. इतक्यावरही भागलं नाही तर ती गाडी तुमची नव्हे, दुसरी बघा.

आणि उलट बाजूही बघायला हवी. सीट खाली आली की गुडघा जास्त दुमडतो. गुडघ्याची झीज असलेल्या माणसाला थांबताना सोपी वाटणारी सीट दीड तासाच्या प्रवासात छळते. गाडीवर बसून पाय फूटपेगवर ठेवा. गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा मोकळा हवा. शोरूममध्ये तसेच दहा मिनिटं बसून राहा. विक्रेता घाई करेल, करू दे.

टेस्ट राइड

पाच मिनिटांच्या चकरेला टेस्ट राइड म्हणत नाहीत. अर्धा तास मागा, शक्यतो दुपारचा. पणजीत असाल तर आल्तिनोच्या चढावर मध्येच थांबून पुन्हा निघा, मडगावात मोंते हिलवर. डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, क्लच हळू सोडून. गाडी बंद पडली किंवा मागे सरकली तर कारण शोधा: क्लच अगदी टोकाला पकडतो का, खालच्या आरपीएमला इंजिन अशक्त आहे का? ज्याला टॉप स्पीडशी देणंघेणं नाही त्याने इंजिन एवढ्याच निकषावर पारखावं. दोन-अडीच हजार आरपीएमला दुसऱ्या गियरमध्ये धक्के न देता जे ओढतं, ते घाटात कामाला येतं.

मग बाजारातल्या गर्दीत न्या. रेडिएटरचा पंखा सुरू झाल्यावर गरम हवा कुठल्या पायावर येते ते बघा. क्लच पन्नासेक वेळा दाबल्यावर बोटांचे सांधे काय म्हणतात? असिस्ट-स्लिपर क्लच असलेल्या गाड्यांत लिव्हर हलका असतो. संधिवात असलेल्यांनी तो पाहूनच घ्यावा. मोकळ्या जागी दोन्हीकडे पूर्ण हँडल वळवून यू-टर्न घ्या. पूर्ण वळणावर बाहेरचा हात ताणला जाऊन खांदा पुढे येत असेल तर हँडल लांब आहे. २०-३० मिमीचे रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) लावता येतात, पण ब्रेकची नळी आणि केबल तेवढी पुरते ना, हे हँडल दोन्ही टोकांना वळवून आधी तपासावं लागतं.

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर ताशी ८० ला दहा मिनिटं चालवा. बोटं बधिर होतात का, वारा हेल्मेटवर आदळून मान हलवतो का? चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर मीटरवरचे आकडे मान न वाकवता वाचता येतात का, तेही भर उन्हात, ते बघा. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर रात्रीची चक्करही मागा. समोरच्या दिव्यांची चमक वाढलेली असते आणि चोर्ला घाटाच्या धुक्यात ती दुप्पट त्रास देते.

पत्नी मागे बसणार असेल तर तिला टेस्ट राइडला न्याच. मागची सीट उंच असते. तिला फूटपेगवर पाय ठेवून चढता येतं का आणि ती चढताना गाडी तुम्हाला पेलते का, हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

टायर ट्यूबलेस असलेलीच गाडी घ्या, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. ट्यूबचं चाक पंक्चर झालं की चाक काढणं आणि टायर रिमवरून उतरवणं आलं, तेही मोले-अनमोडच्या वाटेवर गुडघ्यावर बसून. ट्यूबलेसला प्लग आणि छोटा पंप घेतला की पंधरा मिनिटांत हवा भरून निघता येतं. तारांच्या चाकांत ट्यूबलेस आणि ट्यूबचे दोन्ही प्रकार येतात, म्हणून नेमक्या व्हेरियंटबद्दल विचारा.

बराच काळ गाडी सुटलेल्याने किंवा स्कूटरवरून येणाऱ्याने १६०-१७० किलोच्या गटातच राहावं. नियमित चालवणारा, केरीतून चोर्ला घाट चढून बेळगावला सामानासकट जाणारा असेल तर ४०० ते ५०० सीसीचा गट योग्य. कर्ब वेट दोनशे किलोच्या वर असलेल्या गाडीकडे एकट्याने फिरणाऱ्या साठीच्या माणसाने जाऊ नये.

पैसे आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के. म्हणजे हलक्या गटाला करातही फायदा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वर्षाचा घेता येतो आणि तो शोरूमकडूनच घेतला पाहिजे असं नाही. झिरो डेप्रिसिएशन (भरपाईतून भागांचा घसारा न कापणारं कलम) जरूर घ्या, कारण या गाड्या उभ्या उभ्या पडल्या तरी प्लास्टिक, लिव्हर आणि इंडिकेटर मिळून मोठं बिल होतं. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर काढायला लावा.

लायसन्स बघून ठेवा. वयाच्या ५५ नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र, फॉर्म १-ए, लागतं. मुदत संपत आली असेल तर गाडीच्या आधी ते काम उरका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोला आणि तशी चिठ्ठी पाकिटात ठेवा. हेल्मेट फ्लिप-अप (हनुवटीचा भाग वर उचलता येणारं) घ्या, चष्मा न काढता घालता येतं. वजन दीड किलोच्या आसपास ठेवा, नाहीतर मान धरते.

डिलिव्हरीच्या दिवशी बिलावरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघा आणि प्लेटवरचा उत्पादनाचा महिना वाचा. टायरची हवा गेजने मोजायला लावा. बऱ्याचदा ती नको तेवढी भरलेली असते आणि कोऱ्या टायरवर खडीत गाडी नाचते. क्लच-ब्रेकचे लिव्हर तुमच्या हाताच्या रेषेत फिरवून घ्या.

पहिले दीड-दोनशे किलोमीटर नवा टायर गुळगुळीत असतो, त्यात फेरीबोटीवर चढू नका आणि ओल्या घाटात कलू नका. नंतरही फेरीबोटीच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबू नये. पहिल्या गियरमध्ये, सरळ रेषेत, मागच्या ब्रेकवर उतरावं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आठवड्याला साध्या पाण्याने गाडी धुवावी, कारण खारी हवा तारांची निपल्स आणि बोल्ट आधी खाते. चेनला कोरड्या दिवसांत पाचशे किलोमीटरला, पावसात तीनशेला वंगण द्यावं. त्यासाठी सेंटर स्टँड बुकिंगच्या वेळीच मागून घ्या, नाहीतर दर वेळी वाकून गाडी पुढे-मागे ढकलावी लागेल. पहिल्या सर्व्हिसला तारा तपासून ताणायला आणि हँडलचे बेअरिंग बघायला जॉब कार्डवर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं राहून जातं.