लहान नदीवर कयाक खेळवायची जागा: आधी एडी बघा, मग लाट

नदीवर कयाक खेळवायला, म्हणजे ही छोटी बोट एकाच लाटेवर धरून कसरती करायला, जागा शोधताना बहुतेकांची नजर आधी लाटेवर जाते. मी एडी बघते. धोंड्याच्या किंवा पुलाच्या खांबाच्या आडोशाला पाणी उलटं, प्रवाहाच्या वरच्या दिशेला फिरतं, ती एडी. लाट कितीही देखणी असो, शेजारी एडी नसेल तर ती वरून येताना एकदाच मिळते. निसटलात की कयाक खांद्यावर घ्या आणि काठाने चालत परत या. गुडघाभर लाट आणि तिच्या तोंडाशी आणून सोडणारी एडी, एवढं असलं तरी मला अख्खी दुपार पुरते.

मी जाते तिथे जुन्या पुलाखाली कातळाची आडवी पायरी आहे. उथळ, वेगवान पाणी तिच्यावरून उतरतं, खालच्या खोल, संथ पाण्याला धडकतं आणि तिथेच उसळतं. लाट जागेवर उभी राहते, पाणी तिच्यातून पुढे जात राहतं. पण हे दृश्य रोजचं नाही. पाणी कमी असलं की पायरीखाली नुसता खडबडीत धबधबा, उपयोग शून्य. जरा चढलं की काचेसारखी हिरवी लाट, वर थोडा फेस. आणखी चढलं की पायरी पूर्ण बुडते, लाट सपाट होते आणि पाणी सुसाट निघून जातं. मोठ्या नदीत हा बदल सावकाश होतो, लहान नदीत वीतभर पातळीने सगळं पालटतं. शिवाय लहान पाणलोटाची नदी पावसानंतर झटकन चढते आणि तितक्याच झटकन उतरते. म्हणून खांबावर किंवा एखाद्या न हलणाऱ्या धोंड्यावर एक खूण पक्की करा आणि दर वेळी पाणी खुणेच्या किती वर-खाली होतं ते लाटेच्या वर्णनासकट लिहून ठेवा. वरच्या अंगाला प्रवाह मोजणारं केंद्र असेल तर त्याचा आकडाही शेजारी लिहा. हे आकडे बहुधा क्युमेकमध्ये असतात. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर पाणी. केंद्रापासून तुमच्या जागेपर्यंत पाणी यायला वेळ लागतो, तो वहीतल्या नोंदींवरूनच कळेल. वर धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा विचारल्याशिवाय उतरू नका.

आता कंटाळवाणं पण टाळू नये असं काम. नदी आटलेली असताना तिथे जा आणि तळ बघा. लाटेच्या पायथ्याशी टोकदार धोंडा आहे का, जुन्या बांधकामाच्या सळया वर आल्या आहेत का, पाय अडकेल अशा फटी कुठे आहेत, खोली किती आहे. खेळाची कयाक जेमतेम पावणेदोन-दोन मीटरची असते. ती टोकावर उभी करायची तर खाली चांगली खोली लागते, नाहीतर टोक किंवा डोकं तळाला लागतं. मग खालच्या बाजूला चालत जा. उलटलात, रोल झाला नाही (म्हणजे आत बसल्या बसल्या कयाक सरळ करता आली नाही), पोहत निघालात, तर कुठे पोचाल? तिथे शांत डोह हवा. पडलेलं झाड असेल तर जागा रद्द. फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो.

बंधाऱ्याचा मोह तर नकोच. काठापासून काठापर्यंत एकसारखी फेसाची पट्टी दिसायला निरुपद्रवी असते, पण तिथे पृष्ठभागाचं पाणी सतत मागे भिंतीकडे ओढतं आणि बाजूला सुटायला वाट नसते. नैसर्गिक होलला, म्हणजे पाणी कोसळून पृष्ठभागावर उलटं मागे वळतं त्या फेसाळ जागेला, निदान कडा असतात. त्या काठावरून निरखा. दोन्ही टोकं खालच्या दिशेला वळलेली असतील तर होल तुम्हाला बाजूने बाहेर टाकतो. टोकं वरच्या दिशेला वळलेली असतील तर तो परत मध्ये खेचतो. दुसऱ्या प्रकाराला मी नवशिक्यांना हातही लावू देत नाही.

लाटेवर चढायचं ते एडीतून. टोक जवळजवळ सरळ प्रवाहाच्या वरच्या दिशेला, फार तर दहा-वीस अंश बाजूला. प्रवाह ज्या बाजूने आदळतो ती कड किंचित उचला, नाहीतर क्षणात उलटाल. घाईने जोर लावू नका. लाटेच्या खोलगट भागाच्या रेषेत या आणि हळूच आत सरका. उतारामुळे कयाक वरच्या दिशेला घसरू पाहते, प्रवाह तिला खाली ओढतो, आणि दोन्ही जुळले की ती जागेवर थांबते. पुढचं टोक पाण्यात घुसायला लागलं तर मागे रेला आणि टोक जरा तिरकं करा. मागे घसरत असाल तर पुढे झुका आणि एक-दोन दमदार पॅडल मारा. दिशा सांभाळायला पॅडल कमरेच्या मागे, बोटीला समांतर धरा. उजवीकडे पातं बाहेर ढकललं की टोक उजवीकडे वळतं. नजर टोकावर नको, वरच्या एखाद्या धोंड्यावर ठेवा.

होलमध्ये आडवे झालात तर प्रवाहाच्या वरच्या बाजूची कड उचलून खालच्या फेसावर रेला. हात डोक्यावर नेऊ नका, कोपर बरगड्यांजवळ ठेवा. खांदा निखळण्याची भीती इथेच जास्त. बाहेर पडायला जागच्या जागी झगडू नका, पुढे किंवा मागे पॅडल मारत होलच्या टोकाकडे सरका. हे दोन्ही बाजूंनी जमल्याशिवाय फिरकी, म्हणजे कयाक जागच्या जागी गोल फिरवणं, शिकायला जाऊ नका. सगळे आधी तीच शिकायला बघतात.

हेल्मेट, लाइफ जॅकेट, घट्ट स्प्रे-स्कर्ट (कयाकमध्ये पाणी शिरू न देणारं कमरेभोवतीचं आवरण) याबद्दल चर्चा नको. एक जण थ्रो बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) घेऊन काठावर हवा, आणि त्याला ती पंधरा-वीस मीटर नेमकी फेकता यायला हवी. पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय पुढे आणि वर. वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, तळात पाय अडकतो. शिट्टी तीनदा म्हणजे संकट. पॅडल उभं धरलं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा.

गर्दी असेल तर एडीत रांग लावा. ज्याची लाट जमली तो अख्खा वेळ बसून राहतो, बाकीचे कुडकुडतात. फ्रीस्टाइलच्या, म्हणजे याच कसरतींच्या, जागतिक स्पर्धेतही एका फेरीला 45 सेकंदच मिळतात, सरावाला तेवढे पुरेत. वरून येणाऱ्याला थांबता येत नाही, त्याला वाट द्या. गळ टाकून बसलेल्यांपासून लांब राहा.

पहिल्या जोराच्या पावसानंतरचं तांबूस पाणी मात्र सोडून द्या, लाट कितीही छान बनलेली असली तरी. गटारं आणि उकिरडे तेव्हाच नदीत येतात, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. जखम असेल तर नंतरही वॉटरप्रूफ पट्टी लावूनच उतरा. काही दिवसांत ताप किंवा पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं, तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचं आपण होऊन सांगा, ते विचारतीलच असं नाही.