इंजिन तापते, पण हीटरची हवा थंड

विदर्भात हीटरची आठवण हिवाळ्यापुरतीच होते. पण भर मे महिन्यात चिखलदऱ्याचा घाट चढताना तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला, तर गाडी बाजूला घेऊन हीटर पूर्ण गरमवर लावून पाहावा. हवा थंडच आली, तर बहुधा कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारे द्रव; हीटरची ऊबही त्यातूनच येते) कमी झालेले असते किंवा नळ्यांत हवा अडकलेली असते. अशा वेळी इंजिन लगेच बंद करावे आणि ते पूर्ण निवल्याशिवाय रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये.

निवल्यावर मात्र झाकण उघडून पातळी पाहावीच, कारण बाजूची प्लास्टिकची टाकी भरलेली दिसत असतानाही रेडिएटर रिकामा असू शकतो. पातळी ठीक असेल, तर इंजिन थोडे तापवून हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या पंख्यापासून हात जपून चाचपाव्यात: एक गरम व दुसरी गार असल्यास हीटरची जाळी (गरम कूलंट फिरते तो छोटा रेडिएटर) तुंबलेली असते, दोन्ही गार असल्यास वॉटर पंपाचा किंवा हीटरच्या व्हॉल्व्हचा संशय घ्यावा. थंड इंजिन सुरू करताच कूलंटमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग व खालचा ठोकळा यांमधील सील) तपासून घ्यावे. कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी अडीअडचणीलाच ठीक. त्याच्या थरानेच जाळ्या तुंबतात.