अडकलेला स्पार्क प्लग न मोडता कसा काढावा

ठाणे खाडीच्या अलीकडे कोपरी आणि पलीकडे ऐरोली. या पट्ट्यात दहा-बारा वर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या पेट्रोल गाडीचे प्लग पहिल्या हिसक्याला सुटतील, अशी अपेक्षा धरू नये. खारट दमट हवा, पावसाळ्यात बॉनेटच्या फटीतून झिरपणारे पाणी आणि गाड्या धुणाऱ्याने हौसेने थेट इंजिनवर सोडलेली पाण्याची धार, या तिन्हींमुळे प्लगच्या खोल भोकात ओल साचते आणि पोलादी प्लग व अॅल्युमिनियमचे हेड (सिलिंडरवरचे झाकण, ज्यात प्लग बसतो) यांच्या सांध्याला गंज धरतो. खालच्या बाजूने, म्हणजे जिथे इंधन जळते तिथून, आट्यांच्या टोकावर कार्बन चढतो, आणि प्लग उलटा फिरवताना तोच कार्बन हेडच्या आट्यांत ओढला जाऊन पाचरीसारखा बसतो.

प्लग मोडण्याचे प्रकार दोन आहेत, आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. पाना तिरका झाला की वरचा चिनीमातीचा भाग तुटतो. आटे जाम असताना जोर वाढवतच नेला, तर षटकोनाखालची मान पिळवटून तुटते, किंवा प्लग निघतो खरा, पण हेडचे आटे सोबत घेऊन निघतो. पहिल्याचा निस्तार घरी होऊ शकतो, दुसऱ्यासाठी हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते. म्हणून पुढची बहुतेक काळजी दुसऱ्या प्रकारासाठीच आहे.

काम इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, हाती घ्यावे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, प्लगच्या डोक्यावर बसलेल्या, ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलचा कनेक्टर लॉक दाबून काढावा (जुन्या गाडीत हे प्लास्टिक बिस्किटासारखे मोडते, तेव्हा नखाने हलकेच दाबावे), मग बोल्ट काढून कॉइल थोडी डावी-उजवीकडे फिरवून सरळ वर ओढावी. कॉइली ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने कापडावर मांडाव्यात.

प्लगला हात लावण्यापूर्वी भोक स्वच्छ करणे अत्यावश्यक आहे, कारण प्लग सैल होताच आजूबाजूची माती थेट सिलिंडरमध्ये पडते. डोळ्यांवर चश्मा लावावा आणि टायरच्या पंपाला बारीक नळी जोडून हवा मारावी. भोकात तेल साचलेले दिसले, तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळते आहे असे समजावे. ते तेल चिंधीने टिपून घ्यावे आणि पॅकिंगचे काम लांबणीवर टाकू नये.

यानंतर बहुतेक जण गंज सोडवणारे तेल ओततात आणि रात्रभर थांबतात. मीही पूर्वी तेच करत असे. परंतु वॉशरवर बसणारा प्लग घट्ट असताना तो वॉशरच झाकणाचे काम करतो, त्यामुळे वरून ओतलेले तेल आट्यांपर्यंत फारसे पोहोचतच नाही. वॉशरच्या वरच्या कडेचा गंज मऊ होतो, तेवढा उपयोग आहेच. मात्र तेलाचे खरे काम प्लग एक अष्टमांश फेरा सुटल्यावर सुरू होते. तेव्हा आधी तेलाचे चार-पाच थेंब सोडून काही तास थांबावे आणि मग पहिली सुटका करून घ्यावी.

त्यासाठी प्लगचा सॉकेट सहा कोनांचाच घ्यावा, बारा कोनांचा घेऊ नये, आणि त्याच्या आत चुंबक किंवा रबर असावे. षटकोनाचे माप सहसा 16 किंवा 14 मिमी असते. जुन्या इंजिनांत 21 मिमीही सापडते. रॅचेटपेक्षा टी-पाना बरा, कारण दोन्ही हातांचा जोर सारखा पडतो आणि सॉकेट कलत नाही. रॅचेटच वापरायचा असेल, तर डाव्या हाताच्या तळव्याने त्याचे डोके एक्स्टेन्शनच्या सरळ रेषेत दाबून धरावे. दांड्यावर लोखंडी पाइप चढवू नये आणि इम्पॅक्ट गन तर गाडीजवळही आणू नये.

प्रथम प्लग किंचित, अगदी केसभर, कसण्याच्या दिशेने ढकलावा. त्याने गंजाची पकड तडकते. मग हळूहळू वाढणारा, झटका नसलेला जोर उलट दिशेने द्यावा. मोकळा होणारा प्लग ‘टक्’ असा कोरडा आवाज करतो आणि पान्याचा ताण एकदम उतरतो. याउलट दांडा स्प्रिंगसारखा थोडा वळत असेल आणि हात सैल सोडताच मागे येत असेल, तर प्लग फिरत नसून पिळला जात आहे, तिथेच थांबावे. 14 मिमी आट्यांच्या प्लगसाठी मी कसण्याच्या टॉर्कच्या (पिळण्याच्या जोराच्या) साधारण दुपटीपर्यंत जातो, पुढे नाही. 25 सेंमी दांड्याच्या टोकाला 20 किलोचा भार म्हणजे जवळपास 50 न्यूटन मीटर, एवढा अंदाज हाताला असावा.

तरीही हलला नाही, तर भोकातले तेल पुसून कॉइली परत बसवाव्यात आणि इंजिन पाच-सात मिनिटे चालवून कोमट करावे. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड थोडी ढिली होते. इंजिन सणसणीत तापलेले असताना मात्र प्रयत्न करू नये, कारण त्या वेळी हेडचे आटे सहज ओरबाडले जातात. आणि एकदा सैल झालेल्या प्लगवर इंजिन चालवणे तर पूर्णपणे वर्ज्य आहे.

पहिली सुटका झाली की घाई करण्याचा मोह होतो, आणि बहुतेक प्लग याच टप्प्यावर जातात. अष्टमांश फेरा सोडवून थांबावे, तेलाचे दोन थेंब सोडावेत, पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत, प्लग तितकाच परत आत न्यावा आणि मग पाव फेरा बाहेर आणावा. कळव्याचे एक मिस्त्री मला म्हणाले होते, “दादा, प्लग रडायला लागला की मागे फिरायचं.” ते रडणे म्हणजे सुक्या आट्यांचा करकर आवाज. तो ऐकू येताच प्लग आत फिरवावा, पुन्हा तेल द्यावे. माझ्या ऐरोलीतल्या जुन्या गाडीचा तिसरा प्लग असा दीड तासाने निघाला. त्याच्या शेवटच्या तीन आट्यांत काळा कार्बन डांबरासारखा भरला होता आणि वरच्या आट्यात अॅल्युमिनियमची केसाएवढी चकचकीत तार अडकली होती. आणखी दोन फेरे जबरदस्तीने घेतले असते, तर हेडचे आटे गेलेच असते.

अमेरिकेत फोर्डच्या 5.4 लिटर, तीन व्हॉल्व्हच्या व्ही-8 इंजिनांत प्लगचे खालचे नळकांडे कार्बनने चिकटून आतच राहायचे, आणि ते ओढून काढण्यासाठी खास अवजारे बाजारात आली. आपल्या लहान गाड्यांचे प्लग तशा घडणीचे नसतात, पण मागे-पुढे फिरवण्याचा आणि वाट पाहण्याचा उपाय तिथेही हाच होता.

चिनीमाती तुटली आणि षटकोन शाबूत असेल, तर तुकडे व्हॅक्यूमने ओढून घ्यावेत आणि खोल सॉकेटने काम पुढे चालू ठेवावे. षटकोनच तुटून आटे आत राहिले, तर सेल्फ मारू नये. उरलेली चिनीमाती सिलिंडरमध्ये पडेल. रबाळे एमआयडीसी किंवा वागळे इस्टेटसारख्या ठिकाणी एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला तुकडा पकडून काढणारे अवजार) लावणारा आणि हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवणारा कारागीर शोधावा, आणि गाडी टो करूनच न्यावी.

प्लग निघाल्यावर जुना वॉशर हेडवर चिकटून राहिला नाही ना, हे टॉर्चने पाहावे. आटे मळलेले असल्यास ग्रीस लावलेला आटे साफ करणारा टॅप हाताने फिरवावा. ग्रीसला कचरा चिकटून वर येतो. धातू कापणारा टॅप वापरू नये.

नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात अडकवून आत सोडावा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, आणि हीच तिची सोय आहे. पाना लावण्यापूर्वी प्लग बोटांच्या जोराने पूर्ण बसला पाहिजे. आटे पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून अँटी-सीझ लेप लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु आजच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो आणि लेपामुळे घर्षण कमी होऊन तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त कसतो. म्हणून एनजीकेसारखे उत्पादक तो लावू नये असे सांगतात. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये 14 मिमी आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला 25 ते 30, 12 मिमीला 15 ते 20 आणि 10 मिमीला 10 ते 12 न्यूटन मीटर पुरतात. टॉर्क रेंच नसेल, तर 14 मिमीचा नवा प्लग बोटांनी टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा.

सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागत असल्याने प्लग लवकर झिजतात आणि अधिक वेळा उघडले जातात, त्यामुळे जाम होण्याचा त्रास अशा गाड्यांत मला कमी दिसला आहे. एक लाख किलोमीटर चालतो म्हणून विसरला गेलेला इरिडियम प्लग मात्र अधूनमधून, थंड इंजिनावर, सोडवून परत बसवलेला बरा.

कॉइली बसवून बॅटरी जोडल्यावर गाडी पोडियमखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये चालू करू नये. सिलिंडरमध्ये उतरलेले तेल जळते, आणि सायलेन्सरमधून मिनिटभर पांढुरका, उग्र वासाचा धूर येतो.