इंधनाचं गणित शिकायला निघालेल्यांसाठी

जळगावकडे इंधनाच्या अभ्यासाला लागलं की पहिला प्रोजेक्ट हमखास केळीचा सुचतो. घड कापून झाला की बांधावर खांबांचे ढीग पडतात; वाटतं, एवढं फुकटचं इंधन! मी नव्या मुलांना आधी कागद घ्यायला सांगतो. ताज्या खांबात साधारण ९० टक्के पाणी. म्हणजे किलोमागे कोरडा भाग १०० ग्रॅम, त्यातून फार तर दीड मेगाज्यूल उष्णता. उरलेल्या ९०० ग्रॅम पाण्याची वाफ करायलाच दोन मेगाज्यूलच्या वर लागते. झालं, प्रोजेक्ट तिथेच बदलतो. खांब बायोगॅसला द्यावा. जाळायच्या त्या कपाशीच्या पऱ्हाट्या, उन्हात कडकडीत वाळलेल्या.

म्हणून कुठलाही ऊष्मांक, म्हणजे इंधनातून किलोमागे मिळणारी उष्णता, दिसला की आधी विचारायचं: ओल्या मालावर की कोरड्या? उच्च की निम्न? बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे बंद भांड्यात इंधन जाळून उष्णता मोजायच्या उपकरणात, वाफ परत पाणी होते आणि आपली उष्णता सोडते, म्हणून आकडा मोठा येतो; तो उच्च. बॉयलरमध्ये जळताना झालेली वाफ धुराड्यातून निघून जाते; तिथला आकडा निम्न. हायड्रोजनला हाच फरक किलोमागे १४२ आणि १२० मेगाज्यूल इतका पडतो.

प्रदूषणही किलोवर मोजू नका, मिळालेल्या उष्णतेवर मोजा. एक किलो मिथेन जळून २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ५० मेगाज्यूल देतो, म्हणजे मेगाज्यूलमागे ५५ ग्रॅम. दगडी कोळसा साधारण ९५ ग्रॅम. पऱ्हाटीचा आकडा धुराड्याशी मोजला तर कोळशाच्या खाली येत नाही, आणि इथेच मुलं गडबडतात. तिचा कार्बन त्याच हंगामात हवेतून आलेला असतो, पण हे हिशेबाची हद्द शेतापर्यंत नेली तरच दिसतं. मग कुट्टी करणं, ट्रॅक्टरचं डिझेल, वाहतूक हेही त्याच हद्दीत धरावं लागतं. सोयीचं तेवढंच आत घेतलेले अहवाल मी पुष्कळ पाहिलेत.

एक्झर्जीला, म्हणजे ऊर्जेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल त्या मापाला, घाबरू नका. ६० अंशांच्या उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल? भोवतालचं तापमान पुस्तकातलं २५ अंश धरलं तर साडेदहा टक्के. जळगावच्या मे महिन्यातले ४४ धरले तर पाच टक्केही नाही. आंघोळीच्या पाण्यासाठी हजार-दीड हजार अंशांची ज्योत पेटवणं किती उधळपट्टीचं, ते तेव्हा कळतं. ज्योतीचं तापमान फार चढलं तर हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. त्यामुळे हायड्रोजनचं धुराडंही आपोआप निर्दोष ठरत नाही.

आकडेमोडीला कँटेरा ही ज्वलनाचं गणित करणारी मोफत संगणक प्रणाली पुरते. नोकरीच्या बाजूने ऊर्जा दक्षता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षा बघा. तिला पदवीसोबत अनुभवही लागतो. तोवर आसपासच्या तेलगिरणीत ओळख काढून बॉयलरची नोंदवही मागा. धुराचं तापमान लिहिलेलं बहुधा सापडेल, इंधनाचा ओलावा मात्र स्वतः नमुना वाळवून, आधी-नंतर वजन करून काढावा लागेल.