तीन आजार, सात ट्यूबा आणि आईंच्या टिकल्या

आमच्या सासूबाईंना (वय ७२, आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो) एकाच वेळी तीन भानगडी आहेत, कोपरांवर आणि डोक्यात सोरायसिस, पोटऱ्यांवर कोरडा एक्झिमा, आणि कमरेवर जिथे परकराची नाडी बांधतात नेमकं तिथे गजकर्ण, म्हणजे फंगसचं इन्फेक्शन, ज्याला इथे सगळे दादच म्हणतात. वर शुगर आहेच. घरात असा पेशंट असेल तर काय करायचं ते लिहितेय, कारण आमचे पहिले सहा महिने नुसत्या गोंधळात गेले.

झालं असं की कोपरासाठी दिलेली स्टेरॉइडची ट्यूब आईंनी कमरेलाही लावली, दोन दिवसांत खाज गायब, म्हणाल्या अगं बघ किती गुणकारी आहे, आणि पंधरा दिवसांत तो चट्टा ताटलीएवढा. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते पण फंगस मात्र आरामात पसरतं, आणि दादेची ती गोल किनार पुसट झाली की डॉक्टरलाही बघून पटकन ओळखू येत नाही. मग घराजवळच्या मेडिकलवाल्याने न विचारताच एक मिक्स ट्यूब हातात ठेवली, स्टेरॉइड, अँटिफंगल, अँटिबायोटिक सगळं एकात! २०१८ मध्ये सरकारने बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण विकतात. घेऊ नका.

तर पहिलं काम, घरातल्या सगळ्या ट्यूबा, गोळ्या, पुड्या एका पिशवीत भरून एकाच स्किनच्या डॉक्टरकडे न्या (आमच्याकडे सात ट्यूबा निघाल्या, त्यातल्या दोन एक्सपायर झालेल्या) आणि प्रत्येक चट्ट्याला बोट लावून विचारा, हा कोणता आणि याला काय लावायचं. शंका असेल तर पोपडे खरवडून केओएच टेस्ट करतात, भुसकट काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, फंगस आहे की नाही ते कळतं. आधी किती दिवस मलम बंद ठेवायचं तेही विचारून घ्या.

घरी आल्यावर नातवाच्या वहीत माणसाचं चित्र काढलं, पुढून आणि पाठून, आणि स्केचपेनने जागा रंगवल्या. ट्यूबवरची बारीक अक्षरं आईंना दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याच टिकल्या झाकणावर लावल्या, लाल म्हणजे कोपर, हिरवी म्हणजे पोटरी, काळी म्हणजे कंबर. तेलकट हाताने टिकली निघते, वरून सेलोटेप लावा.

लावायची पद्धत: कोमट पाण्याने आंघोळ, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, कारण सोरायसिसवाल्यांना खरचटलं की तिथेच नवीन चट्टा येऊ शकतो. अंग ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर, आणि ट्यूब त्यानंतर थोडं थांबून. किती? बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दादेचं मलम चट्ट्याच्या बाहेरही बोटभर लावायचं आणि ते सगळ्यात शेवटी, मग हात साबणाने धुवायचे. जांघेत, काखेत, चेहऱ्यावर कडक स्टेरॉइड मनाने अजिबात नाही. आमच्याकडे नर्मदेचं पाणी नसतं त्या दिवशी बोरिंगचं जड पाणी, मग पोटऱ्या हमखास खाजतात, त्या दिवशी मॉइश्चरायझर दोनदा.

परकर, टॉवेल वेगळे, गरम पाण्यात धुवून कडक उन्हात, नाडी सैल. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचाही इलाज बरोबरच, नाहीतर फिरून तेच.

गोळ्यांचं नीट ऐका. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी सोरायसिस भडकू शकतो, दादेच्या इट्राकोनाझोलचं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही, म्हणून सगळी यादी दाखवा. सोरायसिसला मेथोट्रेक्सेट दिली तर ती आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. आणि व्हॅसलीनसारखी मलमं साडीत मुरली की कापड भराभर पेटतं, आईंना आता गॅसपाशी जाऊ देत नाही, रोज त्यावरून भांडण होतं ते वेगळं.

शुगर असेल तर रोज रात्री पायाच्या बोटांमधली बेचकी बघा. लाली पसरतेय, पू आहे, ताप आहे तर त्याच दिवशी डॉक्टर. अंगभर लाल होऊन थंडी वाजली तर सरळ हॉस्पिटल.

ट्यूब कधी थांबवायची ती तारीखही लिहून घ्या. दाद दिसेनाशी झाल्यावरही दोन आठवडे लावा असं सांगितलं होतं, आईंनी तिसऱ्याच दिवशी बंद केली, त्यामुळे काळ्या टिकलीची ट्यूब अजून चालू आहे.