बँडसॉच्या बेडवर ओंडका चढवणारे हायड्रॉलिक हात

बँडसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी पट्ट्याने ओंडके चिरणारे मशीन, घरच्या शेडमध्ये तयार करणाऱ्याचे सगळे लक्ष पट्टा, चाके आणि मोटर यांवर असते; ओंडका बेडवर (ज्या चौकटीवर ठेवून तो चिरतात) चढवायचा कसा, हा प्रश्न पहिला जड ओंडका दारात येऊन पडल्यावरच समोर येतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ३ मीटर लांबीच्या ओंडक्याचे घनफळ सुमारे ०.८५ घनमीटर भरते. आंबा किंवा बाभूळ ओली असताना पाण्याच्या आसपास वजनाची असते, त्यामुळे असा ओंडका ९०० किलोच्या घरात जातो. पहारी लावून चार माणसांनी तो फळीवरून वर ढकलण्यात कोणाचा तरी पाय सापडण्याचीच शक्यता अधिक. एक गोष्ट आधीच सांगतो: यांत्रिक करवतीने गोल लाकूड कापण्यासाठी वन विभागाचा परवाना लागतो, म्हणून लोखंड आणण्यापूर्वी त्या कार्यालयात चौकशी करून यावे.

उचलणीची रचना साधी आहे. बेडच्या एका बाजूला खाली बिजागरीवर फिरणारे दोन हात असतात. ते जमिनीवर आडवे पडले की ओंडका त्यांच्यावर लोटायचा आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरने हात उभे केले की तो बेडवर घरंगळतो. हातांसाठी १०० मिलिमीटरचे लोखंडी चॅनेल पुरते आणि टोकाला वर वळवलेला खुंट हवाच, नाही तर ओंडका उलट्या बाजूने खाली येतो. दोन्ही हात एका जाड पाइपने एकमेकांना जोडावेत. दोन सिलिंडरना एकाच लाइनमधून तेल दिले की ज्या बाजूला वजन कमी ती बाजू आधी उठते आणि ओंडका तिरका होतो. जोडपाइप असला की दोघांना बरोबरच चालावे लागते.

खरी मेख सिलिंडर कोठे जोडायचा यात आहे, आणि तेथेच मी चुकलो होतो. हात आडवे असताना ओंडक्याचा मध्य बिजागरीपासून ७० सेंटिमीटरवर येतो असे धरू. म्हणजे ९०० किलोला ०.७० मीटरने गुणून ६३० किलोग्रॅम-मीटर एवढा पीळ (टॉर्क) सिलिंडरना पेलायचा आहे. बिजागरीच्या केंद्रापासून सिलिंडरच्या रेषेवर टाकलेला लंब १५ सेंटिमीटर असेल, तर दोघांना मिळून ४२०० किलोचा जोर लावावा लागतो. तोच लंब ८ सेंटिमीटर झाला की जोर जवळजवळ ७९०० किलोवर जातो. ६३ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर १२० बार दाबाला सुमारे ३८०० किलो देतो, म्हणजे दोन मिळून ७६००. माझ्या पहिल्या जोडणीत लंब ८ सेंटिमीटरच निघाला होता: लिव्हर ओढला, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळू लागला, तेल तापले, आणि बाभळीचा ओंडका जागचा हलला नाही. लग (सिलिंडर अडकवायचा कान) कापून खाली वेल्ड केल्यावर तेच सिलिंडर तेच वजन सहज उचलू लागले. तेव्हापासून मी बेड, बिजागरी आणि हात यांचे खऱ्या मापाचे चित्र शेडच्या कोब्यावर खडूने काढतो, पुठ्ठ्याचा हात खिळ्याभोवती फिरवतो आणि अगदी खालच्या स्थितीतला लंब पट्टीने मोजतो. लंब वाढला की स्ट्रोकही (सिलिंडरचा दांडा बाहेर येण्याची लांबी) जास्त लागतो. तो हिशेबही त्याच चित्रावर होतो.

पॉवर पॅकसाठी, म्हणजे तेलाला दाब देणाऱ्या मोटर, पंप आणि टाकीच्या संचासाठी, मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरवर फेरीला ८ सीसी तेल देणारा गिअर पंप लावला, तर मिनिटाला साधारण ११.५ लिटर तेल मिळते. ५०० मिलिमीटर स्ट्रोकचे वरील दोन सिलिंडर भरायला ३.१ लिटर लागत असल्याने हात १६ सेकंदांत वर येतात. त्याहून घाई करू नये. १२० बारला मोटरवर पावणेतीन किलोवॉटच्या आसपास भार येतो, म्हणून ३ एचपीच्या मोहात न पडता ५ एचपी घ्यावी. टाकी ४० लिटरची असावी, आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाचा विचार करता तेल ६८ ग्रेडचे (थोडे घट्ट) वापरावे. तिथल्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधून पिन, बुश आणि सिलिंडरचे आय (पिन ओवायची टोके) लेथवर करून मिळतात. जुन्या खोदयंत्राचा सिलिंडर स्वस्त पडतो खरा, पण रॉडवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर नवे सील किटही फार दिवस टिकत नाही.

होज (तेलाची लवचिक नळी) फुटला तरी ओंडका वरच थांबला पाहिजे. त्यासाठी पायलट चेक व्हॉल्व्ह (लिव्हर ओढल्याशिवाय तेल परत जाऊ न देणारा) थेट सिलिंडरच्या पोर्टवर बसवावा. तो लिव्हरच्या कंट्रोल व्हॉल्व्हजवळ लावला तर मधला होज असुरक्षितच राहतो. ओंडक्याची पकड घेणारा सिलिंडर ४० मिलिमीटर बोअरचा पुरेसा आहे, परंतु पूर्ण १२० बारला तो दीड टन जोर लावतो आणि ओंडका ज्यांना टेकतो ते मागचे उभे टेके वाकवतो. त्या लाइनवर प्रेशर रिड्यूसिंग (दाब कमी करणारा) व्हॉल्व्ह घालून ४० बार ठेवले की सुमारे ५०० किलोची पकड मिळते. पकड आणि टेके दोन्ही पट्ट्याच्या वाटेखाली उतरले पाहिजेत. ते विसरले की पहिल्याच ओंडक्याच्या शेवटच्या फळीला पट्टा लोखंडात शिरतो. ओंडका फिरवणारा दातेरी पंजा नंतर जोडला तरी चालतो, फक्त कंट्रोल व्हॉल्व्ह घेताना त्याच्यासाठीचा जादा लिव्हरही हिशेबात धरावा.

हलक्या बेडच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. ओंडक्याचे वजन बेडच्या बाहेर असताना बेडची पलीकडची बाजू उचलली जाते, म्हणून हातांच्या बाजूला बिजागरीच्या बाहेर स्क्रू जॅकचे दोन पाय द्यावेत किंवा बेड अँकर बोल्टने कोब्यात पक्का करावा. पहिली चाचणी हातांवर ओंडका न ठेवता घ्यावी: रिलीफ व्हॉल्व्ह सैल ठेवून हात सावकाश दहा वेळा वर-खाली करावेत, हवा निघून गेली की गेजकडे पाहत दाब १२० बारपर्यंत चढवावा. मग १०० किलोचा छोटा ओंडका अर्ध्यावर नेऊन मोटर बंद करावी आणि खडूने खूण करून दहा मिनिटांत हात किती खाली सरकतात ते पाहावे. त्या वेळी ओंडक्याच्या उताराच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. गळती शोधताना होजवरून बोट फिरवू नये, कारण सुईएवढ्या छिद्रातून येणारे तेल कातडीत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा जवळ धरला की त्यावर डाग उमटतो.